केदाचा सोऱ्या

कोयनानगर
४ मार्च १९७४

दादा,

अक्षर ओळखलंत ना? मग पाकीट चुलीत घालायची घाई करू नका. अठ्ठावीस वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, तेव्हा ही पहिली तरी वाचा, मग हवं ते करा.

बनूच्या पोटात गाठ निघाली आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी नऊ एप्रिलला ऑपरेशन करायचं ठरवलं आहे. मोठं आहे म्हणतात, पण रोज होतात असंही म्हणतात. तिला त्याची भीती नाही. गेल्या बुधवारी भाकरी थापता थापता माझ्याकडं न बघता म्हणाली, "आवं, टेबलावर गेलेच, तर मला कंच्या लुगड्यात गुंडाळणार? हिरव्या का पांढऱ्या?"

मी खानावळवाला माणूस, शंभर जणांना एका दमात उत्तरं देतो. पण तेव्हा परातीतलं पीठ तसंच ठेवून बाहेर गेलो आणि धरणाच्या भिंतीपर्यंत चालत जाऊन परत आलो. भाकरी करपली होती. तिने तीच मला वाढली.

तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, तरी लिहितो, म्हणजे मी काही विसरलो असं वाटायला नको. बेचाळीस साली मी मलायात बेपत्ता झाल्याची पलटणीची तार आली. त्रेचाळीसच्या भाद्रपदात तुम्ही येरळेच्या काठावर पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला कृष्णात म्हटलं आणि जाळलं. बनू अठरा वर्षांची होती. तिने बांगड्या फोडल्या. शेहेचाळीसच्या माघात मी खांद्यावर किटबॅग घेऊन वडुजाला उतरलो, तर तुम्ही उंबऱ्यात आडवे उभे. म्हणालात, ज्याचं दहावं झालं त्याला असंच आत घेता येत नाही. पुन्हा जन्म घ्यायचा, पुन्हा बारसं, पुन्हा लग्न, त्याच बायकोशी. मग उंबरा ओलांडायचा. पंच मागे माना डोलावत होते.

मी तेव्हा काय बोललो ते गावाने ऐकलं. जित्या माणसाला जाळलंत, आता बारसं करता? बनूचा हात धरला आणि तिथून निघालो तो आजपर्यंत निघालोच आहे. फलटण, कराड, मग इथं धरणावर. पण बनूने त्या दिवसापासून कुंकू लावलेलं नाही. हातात काच नाही, गळ्यात काळा मणी नाही. कपाळावर गोंदण आहे म्हणून लोकांच्या ध्यानात येत नाही. विचारलंच कुणी तर सांगते, रांधणाऱ्या हातांत काच टिकत नाही. हळदीकुंकवाला बोलावलं की तिचं डोकं दुखतं.

तर दादा, मी हरलो. तो विधी करा. पंचावन्नाव्या वर्षी मी जन्माला यायला तयार आहे. ज्याने जाळलं त्यानेच तो करायचा असतो म्हणतात, म्हणून तुम्हालाच लिहितो आहे. नाहीतर लिहिलं नसतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे तुम्हीच माझ्याबद्दल म्हणायचात.

कृष्णात

ता. क. सदुसष्टच्या भूकंपात खानावळ बसली तेव्हा वडुजाहून ज्वारीचं पोतं आलं होतं. चिठ्ठी नव्हती. आम्ही ते खाल्लं. त्याची पोच आज देतो आहे.


कोयनानगर
११ मार्च

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. पोस्टमनला मी रोज विचारतो, म्हणून तो आता आमच्या गल्लीत वळायच्या आधीच मान हलवतो.

परवा धुळवड झाली. दरवर्षी या दिवशी मी एक पदार्थ करतो, त्याला इथले कामगार 'फौजी शेवया' म्हणतात. खरं नाव लाक्सा. हसू नका. तुमच्या डोक्यात शेवया म्हणजे दूध-गूळ. तिकडं शेवया तांदळाच्या, आणि त्यावर मासळीचा आंबट रस्सा. ऐकून तुम्ही तोंड वाकडं केलं असेल. मीही पहिल्या दिवशी केलं होतं, पण चार दिवसांचा उपाशी होतो.

मलायातली जित्राची लढाई तुम्हाला कधी सांगितली नाही. सांगण्यासारखी नव्हतीच. पावसात, चिखलात आमची फळी फुटली, जो तो वाट फुटेल तिकडं पळाला. मी केदा मुलखातल्या भातखाचरांत चार दिवस बेडकासारखा राहिलो. तिथं सोम नावाच्या एका म्हातारीने मला बघितलं. माक सोम म्हणायचे तिला. माक म्हणजे आई. तिने मला माडीखाली, भाताच्या कणगीमागे लपवलं. तिथली घरं खांबांवर असतात. जपानी आले की ती मला वेडा भाचा म्हणायची. मी तसा दिसतही होतो.

करायची रीत सांगतो. तांदूळ भिजवून वाटायचे, घट्ट गोळा करून अर्धाकच्चा उकडायचा, मग उखळात कुटायचा. असा कुटायचा की हात भरून येतात. मग पितळी सोऱ्यात भरून उकळत्या पाण्यावर गोल गोल दाबायचा. शेवया तरंगल्या की झाऱ्याने उचलून गार पाण्यात टाकायच्या आणि बोटांवर लडी वळून केळीच्या पानावर ठेवायच्या. हे काम एकट्याने होत नाही. दाबणारा एक लागतो, वळणारा एक लागतो. बाजूला मासे उकडून काटे काढून पार लगदा करायचा, त्यात मिरच्या, कांदा, सुकटीसारखं एक वासाचं वाटण आणि आंबटाला सुकवलेल्या फळाच्या चकत्या. मी चिपळूणची आमसुलं घालतो, तंतोतंत तीच चव. वरून काकडी, कच्चा कांदा, उकडलेलं अंडं.

एवढं सगळं जमतं. एक पाला तेवढा मिळत नाही. भातखाचराच्या बांधावर ओलीत उगवतो, लांबट पान, वास तिखट आणि जरा लिंबासारखा. त्याच्याशिवाय लाक्सा म्हणजे केदाचा नव्हेच. अठ्ठावीस वर्षं मी जिथं जातो तिथं ओढ्याकाठचं गवत चुरगाळून हुंगतो. पाटणच्या बाजारात एकाने मला वैद्य समजून नाडी दाखवली होती.

आणि तिथंही घरोघरी मातीच्या चुली, बरं का. आपल्याकडं साताऱ्याचा माणूस सांगलीच्या रश्शाला नावं ठेवतो, सांगलीचा कोल्हापूरच्या. तिथं प्रत्येक मुलखाचा लाक्सा निराळा. केदाचा पातळ नि आंबट. खाली जोहोरला नारळाचं दूध घालून दाट करतात, शेवया चक्क गव्हाच्या, आणि खातात हाताने. पूर्वेला केलांतानला रस्सा पांढराधोप, आणि शेवया तर नाहीतच, आपल्या सुरळीच्या वडीसारख्या गुंडाळ्या. माक सोमपुढं जोहोरचं नाव काढलं तर ती थुंकायची. म्हणायची, तो लाक्सा नव्हे, तो राजाच्या घरचा शिळा मसाला. तिच्यापुढं तुम्ही फिके, दादा.

परवा मी दाबत होतो, बनू लडी वळत होती. नेहमीसारखंच. मध्येच तिला कळ आली, खाली बसली. म्हणाली, "थांबू नका, शेवया गोळा हुतील."

तुमचं उत्तर पाठवा. नाही म्हणायचं असेल तर तसं म्हणा.

कृष्णात


कोयनानगर
१९ मार्च

दादा,

आज मी तिसऱ्यांदा पोस्टात जाऊन आलो. पोस्टमास्तर म्हणाले, पत्र आलं तर आम्ही ते खात नाही. मी त्यांच्याशी भांडलो. मग त्यांना जेवायला बोलावून आलो. माझं हल्ली असंच चाललं आहे. एका ठिकाणी बसवत नाही. बनू म्हणते, "तुमच्या बुडाखाली निखारा हाय का?"

दहाव्याची गोष्ट मला रंगूआत्याने सांगितली होती. कराडच्या स्टँडवर भेटली होती ती, बावन्न-त्रेपन्न साली. त्या दिवशी कावळा शिवेना म्हणे. सकाळपासून भाताचा पिंड नदीकाठी ठेवलेला, कावळे समोर बाभळीवर बसून बघतायत, पण एक उतरत नाही. तुम्ही एकेक सांगत गेलात. आईला जपेन. बनूला माहेरी लोटणार नाही. किश्नाचा वाटा किश्नाच्याच नावावर ठेवीन. तरी कावळा हलला नाही. आई घरात अंथरुणाला खिळलेली, तिला एकच ध्यास, पोराचा जीव अडकू नये. ती गेल्यावर कुणी करणार नाही म्हणून तर तिने एवढी घाई केली होती. शेवटी दुपार कलली तेव्हा आईने घरून निरोप पाठवला, त्याला शेवया आवडायच्या, शेवया ठेवा. वाटीभर शेवया दूध-गूळ घालून पिंडाजवळ ठेवल्या, तेव्हा कावळा शिवला. तुम्ही घरी येऊन सांगितलंत, आणि आई आठ दिवसांत शांतपणे गेली.

हे ऐकून मी आत्यासमोर हसलो होतो. म्हणालो, बघा तुमचा कावळा, जित्या माणसाच्या शेवया खाऊन गेला! आत्या म्हणाली, "हसू नगं रं. नाथाजी त्या दिसापास्नं शेवया खात न्हाई."

एवढं कशाला लिहिलं मी? लिहायचं दुसरंच होतं. मी तुम्हाला जन्मभर एकच बोल लावला, की वाट न बघता तुम्ही मला जाळलंत. तो बोल लावताना मला नेहमी... जाऊ द्या. पुढच्या वेळी.

बनू दोन दिवसांपासून भात सोडून काही खात नाही. मिरजेला जायची तयारी म्हणून तिने ट्रंक आवरली. त्यात तिचं एक हिरवं लुगडं निघालं, लग्नातलं, घडीवर फाटलेलं. तिने ते पुन्हा खाली ठेवलं.

कृष्णात


कोयनानगर
२४ मार्च

दादा,

आज सगळं लिहितो. उत्तर आलं नाही ते बरंच झालं. आलं असतं तर कदाचित हे लिहिलं नसतं.

माक सोमच्या हातात जोर नव्हता. सोऱ्या मी दाबायचो. पण लडी वळायला एक लागतो हे मी मागेच लिहिलं, आणि तो कोण ते लिहिलं नाही. तुम्ही चाणाक्ष, तुम्हाला तिथंच खटकलं असेल. तिची मुलगी होती. तीमा. नवरा मागेच वारलेला. वयाने माझ्याएवढीच. पहिलं वर्ष मी कणगीमागे होतो. दुसऱ्या वर्षी मी घरात होतो. यापेक्षा स्पष्ट लिहायला लावू नका. मूलबाळ झालं नाही. तिथं मी शेती केली, त्यांची भाषा बोललो, लुंगी नेसलो. आठवड्याच्या बाजारी तीमा लाक्सा विकायला बसायची आणि मी घागरी वाहून न्यायचो.

आता जोतिबाचं सांगतो. आपला जोतिबा, तात्याबा लोहाराच्या शेजारचा, माझ्याच पलटणीतला. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात जपान्यांनी कैद्यांची टोळी रस्ता दुरुस्तीला आणली होती. बाजाराच्या कडेने चालली होती. त्यांना थोडा वेळ बसू दिलं. त्यात जोतिबा होता, पार हाडं राहिलेली. तीमा दयाळू, तिने त्यांना खायला द्यायला सांगितलं. मी डोक्याला फडकं बांधलं होतं, ते भुवयांपर्यंत ओढलं आणि पानावर लाक्सा घालून एकेकाच्या हातात देत गेलो. जोतिबाच्या हातातही दिला. तो शेजारच्याला मराठीत सांगत होता, "घरी लिवायला कार्ड देणार हाईत म्हणं उद्या. काय लिवावं रं?"

दादा, मी त्याच्यापासून एक हात अंतरावर होतो. एक शब्द पुरला असता. त्याच्या कार्डावर माझं नाव आलं असतं. भाद्रपदात तुम्ही पुतळा केला नसता, बनूच्या बांगड्या फुटल्या नसत्या, आई माझी वाट बघत गेली असती पण पोर जितं आहे हे कळून गेली असती. मी खाली मान घालून पुढच्याच्या हातावर पान ठेवलं. भीती होती का? होती. पण खरं सांगतो, भीतीपेक्षा मला ते घर सोडून जायचं नव्हतं.

म्हणून तुम्ही उंबऱ्यात उभे राहिलात तेव्हा मी एवढा ओरडलो. चोराच्या मनात चांदणं. जन्मभर ओरडत राहिलो, म्हणजे कुणी मला काही विचारायला नको.

लढाई संपल्यावरही मी पाच महिने तिथंच होतो. मग एक दिवस आपल्या फौजेचे लोक हरवलेल्यांची नावं घेत फिरतायत असं कळलं. तीमाच म्हणाली, अलोर सेतारच्या छावणीत जाऊन नाव तरी देऊन ये. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत येतो. सोऱ्याचा लाकडी दांडा मोडला होता, म्हणून सोऱ्याही बरोबर घेतला, तिथल्या सुताराकडून दांडा बसवून आणतो म्हणालो. छावणीत नाव सांगितलं, आणि त्यांनी ट्रकमध्ये बसवलं, ट्रकमधून बोटीत. मी उतरू शकलो असतो. एकदा नव्हे, तीनदा. प्रत्येक वेळी मला वडूज दिसलं, बनू दिसली. तेवढं खोटं नाही.

किटबॅगमध्ये सोऱ्या तसाच राहिला. बनूने फलटणला आमचं पहिलं बिऱ्हाड मांडलं तेव्हा तिला तो सापडला. म्हणाली, "ह्यो नवाच घाट हाय की." तेव्हापासून आमच्याकडं शेवया, कुरड्या, शेव, सगळं त्यातूनच होतं. मोडलेल्या दांड्याला मी तार गुंडाळली होती, ती अजून तशीच आहे. तिच्या तळव्याला त्या तारेचा घट्टा पडला आहे.

बनूला यातलं काही ठाऊक नाही. सांगू कसं? पंधरा दिवसांवर ऑपरेशन. सांगितलं तर ती कुठल्या मनाने टेबलावर जाईल? नाही सांगितलं तर माझ्याशी पुन्हा लग्न लावायला तिला बसवायचं कोणत्या तोंडाने? तुम्ही थोरले. तुम्ही सांगा. विधी करायचा की नाही तेही आता तुम्हीच ठरवा. तुम्ही जाळलेला माणूस असा होता.

कृष्णात


वडूज
३० मार्च १९७४

चि. कृष्णात यास नाथाजीचा आशीर्वाद. (नाथाजी सांगतात तसंच लिहितो आहे. मध्ये सुधारलं की ओरडतात. नारायण गुरुजी.)

किश्ना, तुजी चार पत्रं आली. मला आता बारीक दिसत न्हाई, तवा पयली तीन गुरुजींनी वाचून दावली. चौथ्याला मी म्हनलं, गुरुजी, हे तुमी वाचा पर इसरून जावा.

तुला उत्तर धाडलं न्हाई कारन तू खरं लिवीतुयास का न्हाई ते बगत हुतो. अठ्ठावीस साल थांबलो, म्हैनाभर काय जड हाय?

आता ऐक. जोतिबा पंचेचाळीसच्या कार्तिकात घरी आला. दुसऱ्याच दिवशी आपल्या सोप्यात बसून म्हनला, नाथाजी, किश्ना जिता हाय. डोस्क्याला फडकं बांदलं हुतं, पर मनगटावर बैलाचं शिंग लागल्याली खूण हुती. मासळीच्या शेवया त्यानं माज्या हातावर घातल्या. शेजारी एक बाई हुती, तिच्याकडं बगून तो काम करत हुता. मी म्हनलं, मग कार्डात का लिवलं न्हाईस रं? तर म्हनला, ती कार्डं जपानी वाचायचं. नाव लिवलं असतं तर दुसऱ्या दिशी त्याला धरून न्हेलं असतं. म्हून मी तोंड मिटलं. तवा गड्या, तू बोलला न्हाईस, आन तो बी बोलला न्हाई. तू बोलला असतास तरी त्यानं लिवलं नसतं. येवढं तुज्या डोस्क्यातनं काडून टाक. बाकीचं तुजं तू बग.

आन बनूचं म्हनशील, तर जोतिबा हे सांगत हुता तवा ती दाराआड जातं ओढीत हुती. जातं थांबलं. मंग परत सुरू झालं. जोतिबा गेल्यावर मला म्हनली, थोरलं भावजी, ह्ये सासूबाईंच्या फोटूसमोर सांगते, ते येतील तवा मी त्यांच्यासंगं जाईन. पर ते सोताच्या तोंडानं सांगत न्हाईत तवर कुकू लावनार न्हाई. तवा ती विधीसाठी अडली न्हाई. ती तुज्यासाठी अडली हाय. तिला समदं ठावं हाय रं येड्या. तू माघात आलास, उंबऱ्यात वरडलास, मी गप उबा ऱ्हायलो. तुज्या तोंडाव तुजी लबाडी मारली असती तर चार मानसांत तिची अब्रू गेली असती.

आता माजं. तू कबूल झालास तर म्या बी हुतो.

कावळा शिवलाच न्हाई.

दुपार टळली, आई तिकडं घरात घरघर करत हुती. शेवया बी ठेवल्या, तरी न्हाई. मानसं कंटाळून पांगली. मी येकटाच ऱ्हायलो. मंग मीच ती वाटी पान्यात सोडली आन घरी यून आईला सांगितलं, शिवला, शेवयाला शिवला. ती हसली. त्या दिसापास्नं माज्या घशाखाली शेवई उतरत न्हाई. पर मला त्याच दिशी कळलं हुतं तू जिता हाईस. कावळ्याला मानसापरीस जास्त कळतं. पर आईला दिल्यालं खोटं मोडवंना. म्हून तू आलास तवा पंचांच्या मागं लपलो आन बारसं बारसं म्हनत बसलो. तू तुजं झाकलंस, म्या माजं झाकलं. झाकली मूठ म्हनत दोगांचं बी म्हातारपन आलं.

तवा पिंडाला कावळा शिवला न्हाई म्हंजी दहावं झालं न्हाई. दहावं झालं न्हाई तर तू मेला न्हाईस. तू मेला न्हाईस तर बनू कवाच रांडकी न्हवती. कसला जलम आन कसलं बारसं? पंचातलं आता कोन ऱ्हायलंय? मी येकटाच हाय, आन मी सांगतो.

तिला सांग. तू सांग. मी न्हाई सांगनार. आठ तारखेला दुपारच्या गाडीनं मिरजंला येतो. लुगडं मी आनतो.

नाथाजी


मिरज
७ एप्रिल

दादा,

हे पोस्टात टाकलं तर तुम्ही निघाल्यावर पोहोचेल, म्हणून वडूज गाडीच्या कंडक्टरजवळ देतो आहे. तो ओळखीचा आहे, कोयनेच्या गाडीवर होता तेव्हा माझ्याकडं जेवायचा.

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस घरात टिकलो नाही. कुंभार्ली घाटात अर्ध्यापर्यंत चालत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. अठ्ठावीस वर्षं ती माझ्यासमोर बसून शेवया वळत होती आणि तिला ठाऊक होतं! मला आधी तिचाच राग आला, दादा. मग तुमचा. मग रागही पुरेना.

चार तारखेला सकाळी मी तांदूळ वाटले. बनू म्हणाली, "आज काय धुळवड हाय व्हय?" मी म्हटलं, बस. पाणी उकळलं, मी सोऱ्या भरला आणि दाबायला लागलो. तिने झारा घेतला. मला वाटलं होतं, तिच्या तोंडाकडं न बघता सांगता येईल. पहिला घाणा काढला, दुसरा काढला. तिसऱ्याला मी म्हणालो, "बनू, हा सोऱ्या एका बाईचा आहे."

तिने झारा खाली ठेवला नाही. "सांगा," एवढंच म्हणाली.

मी सांगितलं. बाजार, जोतिबा, संध्याकाळपर्यंत येतो म्हणालो ते. मधेच रडलो, ते लिहायला लाज वाटते, पण रडलो. सोऱ्यातलं पीठ वाळलं. पातेल्यातल्या शेवयांचा लगदा झाला. ती मात्र ऐकत होती, म्हाताऱ्या माणसाची जुनी तक्रार ऐकावी तशी. सगळं संपल्यावर तिने विचारलं, "नाव काय तिचं?"

"तीमा."

तिने ते नाव एकदा स्वतःशी म्हटलं. मग माझ्या हातातून सोऱ्या घेतला, त्या तारेवरून अंगठा फिरवला आणि एकदम भडकली. अशी भडकलेली मी तिला कधी बघितली नव्हती. "दांडा बसवायला म्हनून घीऊन आलासा, आन अठ्ठावीस वर्सं तार गुंडाळून ठेवलासा? त्या बाईला बी तसंच, मला बी तसंच! माजा तळवा बगा!"

तो तळवा तिने माझ्या नाकासमोर धरला. दादा, जपान्यांनी रोखलेल्या बंदुका मी बघितल्या आहेत. त्या बऱ्या होत्या.

मिरजेला आल्यावर तिला दाखल केलं आणि तिने पहिलं काम सांगितलं ते हा दांडा बसवून आणायचं. इथं सतारी-तंबोऱ्यांची दुकानं ओळीने आहेत. एका म्हाताऱ्या कारागिराने सोऱ्या उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, हे कुठलं वाद्य? मी म्हटलं, केदाचं. त्याने तंबोऱ्याच्या उरलेल्या लाकडाचा दांडा तासून, घासून, पॉलिश करून बसवून दिला. काल संध्याकाळी तो बनूच्या हातात दिला. तिने खाटेवर बसून हवेतच दोनदा दाबून बघितला. शेजारच्या खाटेवरची बाई तिला हसली, तर तिला शेवयांची रीत सांगत बसली. केदाची पातळ असती, जोहोरची दाट, असं सांगत होती. मी एवढी वर्षं बडबडत होतो ते ती ऐकत होती म्हणजे.

मग मला जवळ बोलावून म्हणाली, "बरी झाले की तिला पत्र लिवा. दांडा बसवलाय म्हनावं. आन मी न्हाई बरी झाले, तरी लिवा."

मी म्हटलं, अगं, तिला मराठी येत नाही. ती म्हणाली, "तुमाला तिची भाषा येती न्हवं?"

येते. गावाचं नावही आठवतं. ओढ्यावरून पूल, मग भातखाचरं, मग उजव्या हाताला खांबावरचं घर. ते आहे की नाही कोण जाणे. बनू म्हणते, पत्रातच तो पालाही मागून घ्या, वाळवून पाठवता येईल.

आज सकाळी नर्सबाईंनी ऑपरेशनचा फॉर्म भरून घेतला. नाव, वय, गाव. मग त्यांनी तिच्या कपाळाकडं, हातांकडं बघितलं आणि पेन थांबवून हळूच विचारलं, नवरा? बनूने माझ्याकडं बोट केलं. "हे काय, समोर हुबं हाईत."

उद्या इथं पोहोचून तिच्यासमोर बसाल तेव्हा कावळ्याचंही तुमच्या तोंडाने सांगा. मी सांगितलेलं नाही. ज्याचं त्याने सांगायचं असं आता आमच्याकडं ठरलं आहे. मी स्टोव्ह आणला आहे, तांदूळ भिजत घातले आहेत. तुम्हाला दूध-गुळाच्या शेवया करून वाढतो. घशाखाली उतरतात की नाही बघू.

आणि लुगड्याचं. तुम्ही घेतलंच असेल, पण नसेल घेतलं तर वडुजातूनच घ्या, इथं मिळेल म्हणून रिकाम्या हाताने येऊ नका. तिने सांगितलं आहे, हिरवं हवं, नऊवारी हवं, सुती असलं तरी चालेल. मग म्हणाली, काठ लाल मिळाला तर बघा म्हणावं.

कृष्णात